काळी, पांढरी आणि मुकी

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक, ज्यांना आपली कविता कुठल्या तरी अंकात छापून यावी असे वाटते ते. आणि दुसरे, ज्यांना अर्ज लिहून हवा असतो ते. मराठीचा प्राध्यापक म्हणजे लोकांच्या हिशेबी जुन्या काळचा कुलकर्णीच. फरक इतकाच, की कुलकर्ण्याच्या हाती गावाचे दप्तर असे आणि माझ्या हाती नुसते तांबड्या शाईचे पेन. कवींना मी चहा पाजून वाटेला लावतो. अर्जदारांना मात्र बसवून घेतो. कवितेवाचून सहसा कोणाचे अडत नाही; अर्जावाचून अडते.

यंदा आलेला अर्जदार माझाच जुना विद्यार्थी. नारायणगावापासून दोन कोसांवर त्याची वडिलोपार्जित चार एकर जमीन. बी. ए. होऊन त्याने पुढे यंत्रकामाचे शिक्षण घेतले आणि आज तो चाकणच्या एका कारखान्यात आहे. पहाटे पाचला मोटारसायकलीला किक मारायची, चाळीस-पन्नास किलोमीटर जायचे, आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परत यायचे. धाकटी मुलगी बापाला ओळखते ती रविवारपुरती. तेव्हा रस्त्याकडेच्या आपल्याच अर्ध्या एकरात एक लेथ, एक वेल्डिंगचे यंत्र आणि दोन पोरे घेऊन स्वतःचा वर्कशॉप टाकावा, असे त्याने मनात घेतले. मनात घेतलेले कागदावर आणायचे म्हणून तो माझ्याकडे आला. अर्जाचा मथळा त्याने बिनचूक लिहिला होता : 'ना हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत.'

मी शुद्धलेखन तपासू लागलो, तोच त्याने विचारले, "सर, हे 'ना हरकत' म्हणजे नेमकी कोणाची हरकत नाही?"

वर्गात पंचवीस वर्षांपूर्वी शिक्षकांनी मला विचारला असता तर मी पळून गेलो असतो असा हा प्रश्न! आता पळायची सोय नव्हती. मी त्याला व्युत्पत्ती सांगितली. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो व्युत्पत्ती सांगतो, हे आपण जाणताच. हरकत हा शब्द मूळचा अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ हालचाल, चलनवलन असा आहे. आपल्याकडे येताना तो फारसीच्या आणि कचेरीच्या वाटेने आला आणि वाटेत कुठेसा त्याचा अर्थ उलटा झाला : हालचालीचा अडथळा झाला. गाणाऱ्यांनी मात्र तो मूळ अर्थाने जपून ठेवला. गवई तानेत छोटीशी हरकत घेतो तेव्हा स्वर खरोखरीच हलतो. कचेरीत हरकत घेतली की कागद हलत नाही.

तो हसला. पण प्रश्न तिथेच राहिला. तो गेल्यावरही राहिला. या वर्षीचे हे सदर त्या प्रश्नाच्याच पोटातून निघाले आहे.

कोणी कुठे घर बांधावे, कुठे नांगर चालवावा आणि कुठे यंत्र बसवावे, हे ठरवण्याची विद्या साहेबाने आपल्याकडे आणली असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. आपल्या गावांत नगररचनाकार नव्हता तेव्हाही गावाला रचना होती, आणि तिची परिभाषा अवघ्या दोन शब्दांची होती : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गांव-गाडा' ज्यांनी चाळला असेल त्यांना ही जोडी नवी नाही. पांढरीला पांढरी म्हणण्याचे कारणही मोठे साधे आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, खचल्या, पुन्हा त्यांवर नव्या उभ्या राहिल्या. चुलींची राख पडत गेली. आणि ती जमीन आजूबाजूच्या रानापेक्षा फिकी आणि उंच झाली. आजही उत्खनन करणारे लोक जुनी वस्ती शोधायची तर आधी अशी पांढरीची टेकाडे हुडकतात. गाव उठून जातो, नाव पुसले जाते, पण माती साक्ष देत राहते.

ही आखणी कोणी कागदावर काढली नव्हती, पण पोरासोरांनाही पाठ होती. काळीवर घर बांधू नये, कारण जी खायला घालते तिला भिंतीखाली पुरू नये. ओढ्याच्या काठी बांधू नये, कारण ओढा आपली वाट विसरत नाही. गायरान गुरांचे, देवराई देवाची, मसणवट मेलेल्यांची. प्रत्येक 'नको'ला एक कारण होते आणि ते कारण आजीच्या तोंडून कळत होते.

परंतु ही जुनी आखणी गोजिरी करून सांगण्यात अर्थ नाही. याच आखणीने काहींची घरे वेशीच्या बाहेर ठेवली. महारवाडा कुठे, मांगवाडा कुठे, पाणवठ्यावर कोणी कुठल्या बाजूने यावे, हेही याच अलिखित नकाशात होते. आणि ज्यांना बाहेर ठेवले त्यांना कोणी कधी विचारले नव्हते. म्हणजे जुन्या व्यवस्थेचा गुण आणि दोष एकाच जागी आहे. गुण असा की नियमाचे कारण सर्वांना ठाऊक होते. दोष असा की नियमाचा भार ज्याच्या खांद्यावर पडला त्याला बोलण्याची सोय नव्हती. नव्या व्यवस्थेची परीक्षा घ्यायची तर याच दोन कसोट्यांवर घ्यावी.

नवी व्यवस्था आली ती मुख्यतः १९६६ साली. त्या एका वर्षी महाराष्ट्राने दोन कायदे केले : एक जमीन महसूल संहिता आणि दुसरा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. पहिल्याने आपल्याला 'बिनशेती' या शब्दाची खरी ओळख करून दिली. काळीची पांढरी करायची तर सरकारची परवानगी लागू लागली. (हे नियम अलीकडे बरेच सैल झाले आहेत, आणि ते चांगले की वाईट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) दुसऱ्याने नकाशांना रंग दिले. राहण्याची जागा पिवळी, शेती हिरवी, कारखाने जांभळे, व्यापार निळा. दोन रंगांच्या गावात रंगपंचमी झाली. आराखडा आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध करायचा, लोकांकडून ठराविक मुदतीत 'हरकती व सूचना' मागवायच्या, त्यांची सुनावणी घ्यायची आणि मग मंजुरी द्यायची, अशी या कायद्याची रीत. रीत चांगली आहे. फक्त ती जाहिरात ज्या मराठीत निघते ती वाचून हरकत घेण्याआधी मनुष्याने अर्थ विचारायला कोणाकडे जावे, एवढाच प्रश्न राहतो. बहुधा माझ्याकडे.

जुन्नर आणि आंबेगाव हे आमचे दोन तालुके या रंगकामात काहीसे कडेला राहिले. पुण्याच्या भोवतालासाठी २०१५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले, त्याच्या हद्दीत हे दोन्ही आले नाहीत. पण म्हणून इथे रेघा कमी आहेत असे समजू नका. जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, माथ्यावर शिवनेरी आहे. आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवे बांधकाम नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीवाचून नाही, असा २०१० च्या दुरुस्तीपासून कायदाच आहे. शिवनेरी तर २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसला. तेव्हा जुन्नरकराला वर्तुळांची सवय आहे. किल्ल्याभोवतीच्या वर्तुळाचे कारणही त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. ते मान वर केली की दिसते.

मात्र एक वर्तुळ असे आहे की त्याच्यापुढे ही सारी वर्तुळे म्हणजे पैशापुढे तीळ. त्याची त्रिज्या शंभर मीटर नाही, तीस किलोमीटर आहे. आणि त्याचे कारण मान वर करूनही दिसत नाही.

नारायणगावच्या पूर्वेला खोडद गाव आहे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक उभारली आहे. दुर्बीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नळी येते. ही तशी नाही. इथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांतल्या चौदा खोडदजवळ एकवटून, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना फुटलेल्या, सुमारे चौदा किलोमीटर लांबीच्या तीन हातांवर, शेताशिवारांतून पसरलेल्या. कांद्याच्या वाफ्यापलीकडे एकाएकी आभाळाकडे तोंड करून बसलेली ती परात पाहिली की नवखा मनुष्य थबकतो. आमच्या बायाबापड्या तिच्या सावलीत भाकरी सोडतात.

ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. १९२९ साली उत्तर प्रदेशात जन्मलेला आणि २०२० साली पुण्यात निवर्तलेला हा शास्त्रज्ञ म्हणजे भारतीय काटकसरीचा अवतार. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या लहान लहान तबकड्या घेऊन त्यांनी १९६५ साली आपल्या कल्याणला पहिली रेडिओ दुर्बीण मांडली. १९७० साली उटीला डोंगराच्या उताराचाच आधार घेऊन दुसरी, पाचशे तीस मीटर लांबीची. खोडदच्या तबकड्या त्यांनी पत्र्याच्या केल्या नाहीत. बाजेची नवार ताणावी तशी पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी ताणली. वारा जाळीतून निघून जातो, वजन वाचते आणि पैसाही. १९९० च्या दशकात हे काम उभे राहिले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून देशोदेशीचे खगोलज्ञ येथून आभाळ ऐकू लागले.

'ऐकू लागले' हा शब्द मी जाणून वापरला. ही दुर्बीण पाहत नाही, ऐकते. ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून, पोकळीत भरून राहिलेल्या हायड्रोजन वायूकडून ज्या रेडिओलहरी येतात त्या ही टिपते. २०२३ च्या आरंभी जाहीर झालेल्या एका शोधात हिने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण टिपली. ती लहर तिथून निघून इथे पोचायला सुमारे ८८० कोटी वर्षे लागली होती. निघाली तेव्हा आपली पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता. आणि पोचली ती कुठे, तर खोडदच्या शिवारात! एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्याचा आवाज किती क्षीण असणार, याची कल्पना करा. चंद्रावर कोणी एक मोबाईल चालू करून ठेवला तर तोसुद्धा रेडिओ दुर्बिणीला आभाळातल्या झगझगीत दिव्यांपैकी एक वाटेल, असे खगोलज्ञ सांगतात. मग शेजारच्या शिवारात वेल्डिंगची ठिणगी उडाली तर काय होईल? ठिणगी ही जन्मतःच रेडिओलहरी सोडते. हर्ट्‌झने १८८० च्या दशकात या लहरी पहिल्याने सिद्ध केल्या त्या ठिणगीनेच. विजेच्या खांबावरचा सैल चिमणीएवढा भाग चरचरला तरी त्या चरचरीत ८८० कोटी वर्षांची कुजबूज बुडून जाते.

म्हणून हे वर्तुळ. दुर्बिणीपासून तीस किलोमीटरांच्या आत नवा उद्योग काढायचा तर त्या केंद्राची संमती लागते. जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव ही सारी गावे या परिघाच्या आत येतात. काळी आणि पांढरी यांच्या जोडीला या मुलखात एक तिसरी जमीन झाली आहे. तिला सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून मीच ठेवतो : मुकी.

मौज अशी, की या मुक्या मुलखाच्या वेशीवर बसले आहे नारायणगाव. तमाशाची पंढरी! विठाबाई नारायणगावकरांचे गाव! पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, यात्रांचे पंच सुपारी द्यायला येतात, ढोलकी कडकडते. या दणदणाटाला दुर्बिणीची काडीचीही हरकत नाही. तिला ढोलकी ऐकूच येत नाही. ढोलकीवाल्याने खिशातला मोबाईल काढला की मात्र ती कान टवकारते. इतकी उफराटी शांतता! गावाला समजावून सांगायला कठीण, ती याचमुळे. शाळेत 'शांतता राखा' म्हटले की कसली ते मुलांना कळते. इथे गोंगाट चालतो आणि ठिणगी चालत नाही.

आता दुसरी बाजू. हे दोन तालुके आजचे नव्हेत. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातून वर देशावर येणारा माल नाणेघाटाने चढत होता, आणि घाट चढल्यावरची पहिली मोठी पेठ जुन्नरची. तिथल्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा लेख आहे, यवनांनी दिलेल्या दानांचेही आहेत. तात्पर्य, हा मुलूख रस्त्यावर वाढला आणि रस्त्याने आणलेले जग त्याने पचवले. अशा मुलखातून पुणे-नाशिक रेल्वे जावी, हे इथल्या माणसाचे जुने स्वप्न. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी सुमारे २३५ किलोमीटरची वेगवान गाडीची आखणीही झाली. टोमॅटोचे क्रेट कुठल्या स्थानकावर चढवायचे, याची बोलणी पारावर सुरू झाली होती. मग प्रश्न निघाला दुर्बिणीचा. विजेवरची गाडी धावते तेव्हा वरच्या तारेशी ठिणग्या उडतात. २०२४-२५ च्या सुमारास रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी या कारणासाठी आखणी बदलावी लागेल असे सांगितले, आणि पुढचा प्रस्ताव आला तो अहिल्यानगर-शिर्डीच्या अंगाने. जुन्नर-आंबेगावात असंतोष उसळला. मूळ मार्गच हवा, अशी मागणी झाली. दोन हजार वर्षे वाटेवर बसलेल्या गावाला वाटेने वळसा घातला तर त्याला राग यायचाच.

मी दुर्बिणीचा विरोधक नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तीस तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि हे काम बंद पडले तर नुकसान एका संस्थेचे नव्हे, मानवजातीचे आहे. शिवाय जगात इतरत्रही हेच चालते. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीसाठी १९५८ साली हजारो चौरस किलोमीटरांचा शांत पट्टा आखला गेला. दुर्बिणीलगतच्या वस्तीत अगदी घरातल्या बिनतारी उपकरणांवरही बंधने आली. दक्षिण आफ्रिकेने २००७ साली खगोलशास्त्रासाठी स्वतंत्र कायदाच केला. पण तिकडचे ते प्रदेश विरळ वस्तीचे. कारूच्या माळावर मैलोगणती मेंढरांखेरीज कोणी भेटत नाही. आमच्या वर्तुळात बाजारपेठा आहेत, कुकडी प्रकल्पाची धरणे आहेत, द्राक्षाचे मांडव आहेत आणि दर वर्षी महाविद्यालयातून बाहेर पडणारी पोरे आहेत. त्यांना मी शिकवतो. ती कुठे जातात, हे मला ठाऊक आहे. ती चाकणला जातात, रांजणगावला जातात; वर्तुळाबाहेर.

हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, की हे वर्तुळ नसते तर इथे सोन्याचा धूर निघाला असता असे नाही. धूर मात्र निघाला असता. चाकणच्या चौकात संध्याकाळी ज्याने तासभर मोटार उभी ठेवली आहे त्याला ते सांगायला नको. मुक्या जमिनीने नकळत काळी राखली. नारायणगावचा टोमॅटो आणि द्राक्ष यांचा त्या वर्तुळाशी काही संबंध असेल तर तो उपकाराचाच आहे. पण उपकार झाला तो अपघाताने. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या मुलीला बाप रविवारपुरता मिळतो, हा त्याच उपकाराचा दुसरा अंश.

मग बोच कसली? बोच हिशेबाची आहे.

आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावला, नाव पाण्यात. पण धरणात जमीन गेली तर तिची मोजणी होते, मोबदला ठरतो. महाराष्ट्राने तर १९७६ सालीच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तो कसा राबवला गेला हे विस्थापितांना विचारावे. तरी निदान कायदा आहे, दाद मागायला दार आहे. मुक्या जमिनीचे तसे नाही. ती बुडत नाही, जागेवरच असते, सातबारा तुमच्याच नावाचा असतो. फक्त तिच्यावर काय करता येईल त्यातले काही कमी झालेले असते. घेतले ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही कोणी धरत नाही. देशाने या दोन तालुक्यांकडून जमीन मागितली असती तर किंमत दिली असती. शांतता मागितली, ती मात्र फुकट समजून घेतली.

आणि दुसरी बोच अशी की 'नको' म्हणण्याची ही कडक विद्या जिथे हवी होती तिथे पोचली नाही. या वर्तुळाच्या पश्चिम कडेबाहेर, सह्याद्रीच्या कुशीत, आंबेगाव तालुक्यातच माळीण होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला. नेहमीच्या एस. टी.चा चालक गाडी घेऊन आला तेव्हा त्याला रस्ता ओळखीचा दिसला आणि गाव दिसले नाही. एकशे एक्कावन्न माणसे गेली. उतारावर केलेल्या सपाटीकरणाने डोंगर सैल झाला की नुसत्या पावसाने, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मी भूशास्त्रज्ञ नाही, त्या वादात पडत नाही. मला एवढेच कळते की आभाळातल्या कुजबुजीसाठी आपण नकाशावर कंपास टेकवून तीस किलोमीटरांचे वर्तुळ काढले, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी झोपलेल्या वाडीसाठी कोणी पेन्सिलीची रेघही ओढली नव्हती. नवे माळीण आमड्याला बांधले, २०१७ च्या एप्रिलात लोक तिथे राहायला गेले; आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या रस्त्यांना तडे गेले तेव्हा त्यांच्या काळजात काय झाले असेल!

पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यातल्या कुठे काय करावे, काय करू नये यावर रणे माजली. पण त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट रणात हरवली. ती अशी, की असले निर्णय वरून लादू नयेत. लोकांच्या भाषेत ग्रामसभेपुढे न्यावेत आणि तिथून ठरत वर यावेत. मराठीचा शिक्षक म्हणून मी या एका वाक्यासाठी त्यांना नमस्कार करतो.

कारण शेवटी गोष्ट तिथेच येते. खोडदला दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनाला दुर्बीण लोकांना खुली होते. गावोगावच्या शाळांतली मुले झुंडीने जातात आणि तिथली मोठमोठी शास्त्रज्ञ मंडळी त्यांना हौसेने समजावून सांगतात. मीही विद्यार्थी घेऊन गेलो आहे. आभाळ समजावून सांगणारी ही माणसे नियमही तितक्याच हौसेने समजावतील, याबद्दल मला शंका नाही. पण नियमाचा जमाखर्च मांडणे हे शास्त्रज्ञांचे काम नव्हे, ते सरकारचे. तुमच्यावर हे बंधन का आहे, ते कुठवर आहे, कोणते धंदे या शांततेत सुखाने नांदतील, आणि तुम्ही जे सोडता आहात त्याच्या बदल्यात देश तुम्हाला काय देणार आहे, एवढ्या चार गोष्टी एका पानावर, सुबोध मराठीत, प्रत्येक चावडीवर लागायला काय हरकत आहे? बदल्यात पैसाच द्यावा असे नाही. ठिणगीवाचून चालणाऱ्या धंद्यांचे शिक्षण द्या, शेतमाल साठवायला मदत द्या, रेल्वे वळली तर तिच्या जागी दुसरी सोय द्या. आमच्या आज्यांनी काळीवर घर नको म्हटले तेव्हा 'का?' असे विचारणाऱ्या नातवाला उत्तर मिळत होते. वेशीबाहेरच्या नातवाला मिळत नव्हते, ते आपले पाप. नव्या व्यवस्थेत सारेच नातू वेशीबाहेरचे होऊ नयेत, एवढीच विनंती.

असो. वसुबारसेच्या संध्याकाळी तो अर्ज न्यायला आला. मी पाच ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते आणि 'मिळणेबाबत'चे 'मिळण्याबाबत' केले होते. त्याने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला.

"सर, सगळ्यांची हरकत नाही असं लिहून आणायचं ते कळलं," तो म्हणाला. "पण गावाची काही हरकत असली तर ती कुठं लिहायची? रकाना दिसत नाही."

मी चष्मा लावून अर्ज पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला. रकाना खरोखरच नव्हता. मग मी कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती.

"इथं लिही," मी म्हटले. "शुद्धलेखन मी बघतो."